पासवर्ड बरोबर, तरी मेल जात नाही: फायरवॉलमुळे अडलेले आउटगोइंग ऑथेंटिकेशन कसे शोधावे आणि सोडवावे

वेबमेलमध्ये पासवर्ड चालतो. तोच पासवर्ड मेल प्रोग्राममध्ये, स्कॅनरमध्ये किंवा वेबसाइटच्या संपर्क फॉर्ममध्ये टाकला की 'ऑथेंटिकेशन फेल्ड' असे उत्तर येते. अशा वेळी पासवर्ड चौथ्यांदा बदलण्यात काही अर्थ नसतो. वेबमेल ४४३ पोर्टवरून (पोर्ट म्हणजे सर्व्हरचे क्रमांक दिलेले दार) साध्या वेबसाइटसारखे चालते, तर मेल पाठवण्याचे काम एसएमटीपी या मेल पाठवण्याच्या नियमपद्धतीवरून, म्हणजे २५, ५८७ किंवा ४६५ या पोर्टवरून होते. या दुसऱ्या वाटेवर फायरवॉल, म्हणजे नेटवर्कच्या वेशीवर वाहतूक तपासणारी यंत्रणा, बसलेली असते. ती वाट पूर्ण बंद करत असेल तर दोष लगेच कळतो. त्रास होतो तो ती संवाद चालू ठेवून त्यातली एखादी ओळ गाळते, बदलते किंवा तुमचे कनेक्शन भलत्याच सर्व्हरकडे वळवते तेव्हा. मेल प्रोग्रामला यातले काहीच समजत नाही आणि तो सरळ पासवर्डवर ठपका ठेवतो.

म्हणून सेटिंग बदलण्याआधी एक काम करायचे: सर्व्हरशी होणारा संवाद स्वतःच्या डोळ्यांनी वाचायचा, तो फायरवॉलच्या आतून आणि बाहेरून असा दोनदा घ्यायचा आणि ओळीला ओळ लावून फरक पाहायचा. फायरवॉलचा हस्तक्षेप या फरकात दिसतोच.

संवादात काय काय घडते

कनेक्शन जुळले की सर्व्हर २२० या आकड्याने सुरू होणारी स्वागताची ओळ पाठवतो. आपला प्रोग्राम ईएचएलओ ही आज्ञा पाठवतो. उत्तरादाखल सर्व्हर २५० ने सुरू होणाऱ्या अनेक ओळींत आपल्याला काय काय येते ते सांगतो. त्यातल्या दोन ओळी आपल्या कामाच्या: स्टार्टटीएलएस, म्हणजे एन्क्रिप्शन (टीएलएस) सुरू करता येईल, आणि ऑथ, म्हणजे लॉगिन स्वीकारले जाईल, ऑथपुढे प्लेन, लॉगिन, एक्सओऑथ२ अशा पद्धतींची नावे असतात.

इथे एक बारकावा आहे आणि बहुतेक गोंधळ त्यातूनच होतो. नीट बांधलेला सर्व्हर एन्क्रिप्शन सुरू होण्यापूर्वी ऑथ ही ओळ दाखवतच नाही. पोस्टफिक्स या मेल सर्व्हर सॉफ्टवेअरमध्ये 'एसएमटीपीडी टीएलएस ऑथ ओन्ली' हे सेटिंग चालू असेल तर असेच होते, आणि ते तसेच असले पाहिजे, नाहीतर पासवर्ड उघडा प्रवास करेल. याचा अर्थ असा की आधी स्टार्टटीएलएस, त्यानंतर दुसऱ्यांदा ईएचएलओ, आणि या दुसऱ्या उत्तरात ऑथ. फायरवॉलने पहिल्या उत्तरातली स्टार्टटीएलएसची ओळ गाळली, की पुढची सगळी साखळी तुटते. प्रोग्रामला ऑथ दिसत नाही, तो लॉगिन न करताच मेल पुढे रेटतो आणि सर्व्हर ५३० किंवा ५५४ देऊन नकार देतो. दोष एन्क्रिप्शनच्या एका ओळीत असतो, पण वापरणाऱ्याला तो लॉगिनचा दोष वाटतो.

पहिली पायरी: दोन ठिकाणांहून तीच चाचणी

विंडोजवर पॉवरशेलमधली टेस्ट-नेटकनेक्शन ही कमांड सर्व्हरचे नाव आणि पोर्ट देऊन चालवा. टीसीपी चाचणी 'ट्रू' आली तर पोर्ट पोहोचतो आहे, एवढेच सिद्ध होते. त्यावर समाधान मानू नका. पुढे टेलनेट या साध्या मजकुराने बोलणाऱ्या साधनाने त्याच सर्व्हरच्या ५८७ पोर्टला जोडा, स्वागताची ओळ उतरवून घ्या, ईएचएलओ आणि त्यापुढे आपल्या मशीनचे नाव टाइप करा आणि आलेले पूर्ण उत्तर जपून ठेवा.

आता हेच मोबाइल डेटाच्या हॉटस्पॉटवरून करा. व्हीपीएन चालू असेल तर आधी बंद करा, नाहीतर दोन्ही वेळा तीच वाट मोजली जाईल. ऑफिसच्या फायरवॉलचा आणि मोबाइल नेटवर्कचा मार्ग वेगळा असल्याने ही तुलना भरवशाची असते. सर्व्हर तुमच्याच ताब्यात असेल तर त्याच मशीनवरून लोकलहोस्टच्या (म्हणजे त्या मशीनच्या स्वतःच्या) ५८७ पोर्टलाही जोडून पाहा. तिथले उत्तर हे मूळ उत्तर, त्याच्याशी बाकीची ताडून पाहायची.

एन्क्रिप्शनच्या आतला संवाद पाहण्यासाठी ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या साधनाची एस-क्लायंट ही उपकमांड वापरा. ५८७ साठी तिला स्टार्टटीएलएस एसएमटीपी हा पर्याय द्यावा लागतो. ४६५ साठी तो द्यायचा नाही, कारण तिथे एन्क्रिप्शन पहिल्या बाइटपासूनच सुरू असते. ओळीचा शेवट एसएमटीपीला हवा तसा जावा म्हणून सीआरएलएफ हा पर्यायही जोडा. या साधनात एक सापळा आहे: ओळ मोठ्या लिपीतल्या 'आर' या रोमन अक्षराने सुरू झाली तर ते साधन ती आज्ञा सर्व्हरकडे न पाठवता नव्याने हातमिळवणी (एन्क्रिप्शन जुळवण्याची सुरुवातीची देवाणघेवाण) करू लागते, आणि मोठ्या 'क्यू'ने सुरू झाली तर कनेक्शनच बंद करते. त्यामुळे आरसीपीटी (मेल कोणाला ते सांगणारी) आणि क्विट (संवाद संपवणारी) या आज्ञा लहान लिपीत टाइप करा; एसएमटीपीला लहान-मोठ्याने फरक पडत नाही.

हाताने लॉगिन करून पाहायचे असेल तर ते याच एन्क्रिप्टेड संवादात करा, साध्या टेलनेटमध्ये कधीही नको. ऑथ प्लेनसाठी शून्य मूल्याचा एक बाइट (नल), वापरकर्त्याचे नाव, पुन्हा तसाच शून्य बाइट आणि पासवर्ड या क्रमाने जोडून ते बेस६४ या अक्षररूपात बदलावे लागते. हे करताना एको कमांड वापरली तर शेवटी नवी ओळ चिकटते आणि पासवर्ड बरोबर असूनही ५३५ मिळतो; प्रिंटएफ वापरा. बेस६४ म्हणजे एन्क्रिप्शन नव्हे, कोणीही ते उलगडू शकतो. म्हणून चाचणीचा मजकूर मदतीसाठी कोणाला पाठवताना ती ओळ आधी काढून टाका.

उत्तरातले आकडे काय सांगतात

५३५ आले तर लॉगिनची माहिती कोणत्यातरी सर्व्हरपर्यंत पोहोचली आणि त्याने ती नाकारली. 'कोणत्यातरी' हा शब्द मुद्दाम वापरला आहे, त्याचे कारण पुढे येईल. ५३० सोबत ५.७.० असेल तर सर्व्हर आधी स्टार्टटीएलएस मागतो आहे. ५३८ म्हणजे निवडलेल्या लॉगिन पद्धतीसाठी एन्क्रिप्शन हवे. ५५४ किंवा ५५० आणि सोबत 'रिले' (मेल पुढच्या सर्व्हरकडे पोहोचवणे) हा शब्द असेल तर प्रोग्रामने लॉगिन केलेच नाही. ४५४ हा तात्पुरता नकार असतो. लॉगिन तपासणारी मागची यंत्रणा किंवा टीएलएस त्या क्षणी उपलब्ध नाही. आणि कोणताही आकडा न येता नुसती वाट पाहून कनेक्शन तुटत असेल, तर पॅकेट गिळले जात आहेत.

स्वागताच्या ओळीत तारे दिसले तर

आतून पाहताना २२० नंतर सर्व्हरच्या नावाऐवजी तारांकित चिन्हांची रांग दिसते, मध्येच एखादा २ किंवा ० उरलेला असतो, आणि ईएचएलओच्या उत्तरात स्टार्टटीएलएसच्या जागी एक्स या अक्षराची माळ येते. हे सिस्कोच्या एएसए फायरवॉलमधल्या ईएसएमटीपी (एसएमटीपीचे विस्तारित रूप) तपासणीचे ठसठशीत लक्षण आहे. ही तपासणी तिला ओळखू न येणाऱ्या किंवा परवानगी नसलेल्या सुविधांची नावे झाकते आणि प्रोग्रामने ती आज्ञा तरीही पाठवलीच तर तीही एक्सने भरून पुढे ढकलते. मग सर्व्हर ५०० देऊन आज्ञा कळली नाही असे सांगतो. सिस्कोच्याच जुन्या पिक्स फायरवॉलमधली 'फिक्सअप' तपासणी तर याहून कडक होती. ती मूळ एसएमटीपीच्या सातच आज्ञा जाऊ देत असे, त्यामुळे ईएचएलओच अडायचे आणि लॉगिनचा प्रश्नच उद्भवत नसे.

ही तपासणी मूळ मांडणीत फक्त २५ पोर्टवर लागते. म्हणून पहिला आणि सर्वांत सोपा उपाय म्हणजे वापरकर्त्यांचे मेल २५ वरून न पाठवता ५८७ किंवा ४६५ वरून पाठवणे. २५ हा सर्व्हर ते सर्व्हर वाहतुकीसाठी आहे. लॉगिन करून मेल सोपवण्यासाठी ५८७ हा वेगळा पोर्ट १९९८ पासून ठरलेला आहे, आणि २०१८ मधल्या आरएफसी ८३१४ या इंटरनेटच्या मानक दस्तऐवजाने सुरुवातीपासून एन्क्रिप्टेड असणाऱ्या ४६५ ला पसंती दिली. स्कॅनर, हजेरी यंत्रे आणि जुने हिशेबाचे सॉफ्टवेअर अजून २५ वर अडकलेले असतात. आधी त्यांची यादी करा.

२५ वरच राहणे भाग असेल तर एएसएच्या ग्लोबल पॉलिसीमध्ये, इन्स्पेक्शन डिफॉल्ट या वर्गाखाली 'इन्स्पेक्ट ईएसएमटीपी' काढून टाका, किंवा ईएसएमटीपीसाठी स्वतंत्र पॉलिसी मॅप बनवून त्याच्या पॅरामीटर भागात 'अलाउ-टीएलएस' द्या. दुसरा मार्ग अधिक चांगला, कारण बाकीची तपासणी चालू राहते. बदल केल्यावर जुनी कनेक्शन जुन्याच नियमाने चालतात, ती तोडून नव्याने जोडा.

पोस्टफिक्स चालवणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. ताऱ्यांची स्वागत ओळ दिसली की पोस्टफिक्स समोर पिक्स आहे असे धरतो आणि मेल रांगेत ५०० सेकंदांपेक्षा जास्त राहिला असेल तर ईएसएमटीपी बंद करून साध्या हेलो या जुन्या आज्ञेवर उतरतो. साध्या हेलोत लॉगिन नाही. परिणामी पहिला प्रयत्न एका कारणाने फसतो, नंतरचे दुसऱ्याच कारणाने फसतात आणि लॉग वाचणारा चक्रावतो. अशा वेळी लॉगमधली पहिली नोंद शोधा, शेवटची नव्हे.

उत्तर देणारा सर्व्हर भलताच असेल तर

वेबसाइटच्या फॉर्ममधून बाहेरच्या मेल सेवेमार्फत मेल पाठवताना ५३५ येत असेल, तर आधी स्वागताच्या ओळीतले नाव वाचा. तिथे मेल सेवेऐवजी तुमच्या होस्टिंग सर्व्हरचेच नाव दिसले तर उत्तर मिळाले. सीपॅनेल हे होस्टिंग सांभाळण्याचे सॉफ्टवेअर असलेल्या सर्व्हरवर डब्ल्यूएचएम या त्याच्या प्रशासकीय भागातले 'एसएमटीपी रिस्ट्रिक्शन्स' किंवा सीएसएफ फायरवॉलमधले 'एसएमटीपी ब्लॉक' चालू असले की सामान्य खात्यांना बाहेरच्या मेल सर्व्हरशी थेट बोलता येत नाही. वळवण्याचा नियम लागलेला असेल तर कनेक्शन त्याच मशीनवरच्या एक्झिम या मेल सर्व्हर सॉफ्टवेअरकडे जाते. तुमचे नाव आणि पासवर्ड बाहेरच्या सेवेचे. एक्झिमला ते ठाऊक नसतात. तो प्रामाणिकपणे 'इनकरेक्ट ऑथेंटिकेशन डेटा' म्हणतो.

दुसरी खूण प्रमाणपत्राची, म्हणजे सर्व्हरच्या डिजिटल ओळखपत्राची: सर्व्हरच्या नावाशी प्रमाणपत्र जुळत नाही अशी तक्रार येते. इथे बरेच जण कोडमध्ये प्रमाणपत्राची पडताळणी बंद करून मोकळे होतात. हे करू नका. पडताळणी बंद केली की तुमचा पासवर्ड चुकीच्या सर्व्हरच्या हाती सरळ दिला जातो, आणि आधी नाव न जुळल्याची तक्रार तरी येत होती, तीही आता बंद होते. योग्य उपाय दोन आहेत: होस्टिंगवाल्यांकडून आपल्या खात्याला बाहेर जाण्याची परवानगी घेणे, सीएसएफमध्ये त्यासाठी 'एसएमटीपी अलाउ युजर' हे सेटिंग आहे, किंवा मेल सेवेचा ४४३ वरून चालणारा एपीआय (प्रोग्रामने सेवेशी थेट बोलण्याची सोय) वापरणे.

क्लाउड सर्व्हरवर २५ पोर्ट बाहेर जाताना बंद असणे हे आता नेहमीचेच आहे. तिथे पुढे शोध घेत बसण्यापेक्षा ५८७ वापरा.

टीएलएस उघडून पाहणारी फायरवॉल

आधुनिक फायरवॉलमध्ये आणि संगणकावरच्या अँटिव्हायरसच्या मेल शील्डमध्ये एन्क्रिप्टेड वाहतूक मध्येच उघडून तपासण्याची सोय असते. ओळखण्याची पद्धत सोपी आहे: एस-क्लायंटच्या उत्तरात प्रमाणपत्र कोणी दिले ती इश्यूअर ओळ पाहा. बाहेरून पाहताना तिथे सार्वजनिक प्रमाणपत्र संस्था दिसते आणि आतून फायरवॉलचे किंवा अँटिव्हायरसचे नाव दिसते, तर मध्ये कोणीतरी आहे.

ब्राउझर चालतो, पण मेल प्रोग्राम चालत नाही, असे इथे हमखास घडते. फायरवॉलचे मूळ प्रमाणपत्र विंडोजच्या साठ्यात टाकलेले असते, पण थंडरबर्ड, पीएचपी, जावा यांचे विश्वासाचे साठे वेगळे असतात. स्कॅनरमध्ये तर ते टाकण्याची सोयच बहुधा नसते. काही जुने फायरवॉल प्रॉक्सी टीएलएस १.० किंवा १.१ च्या पुढे जात नाहीत, तर सर्व्हर त्या जुन्या आवृत्त्या नाकारतात, कारण २०२१ मध्ये त्या अधिकृतपणे बाद झाल्या आहेत. उपाय म्हणजे आपल्या मेल सर्व्हरच्या नावासाठी किंवा आयपींसाठी खोल तपासणीतून सूट देणारा नियम लावणे. हा नियम सर्वसाधारण नियमाच्या वर असायला हवा; खाली ठेवला तर तो कधीच लागू होत नाही.

नेमके निदान करणारी एक तुलना इथे कामी येते. ४६५ चालतो आणि ५८७ चालत नाही, असे असेल तर उघड्या ओळींमध्ये, म्हणजे स्टार्टटीएलएसच्या आधी, ढवळाढवळ होते आहे. दोन्हींवर हातमिळवणी अडत असेल तर टीएलएस तपासणी किंवा पॅकेटचा आकार हे संशयित.

आकाराचे म्हणजे असे: कनेक्शन जुळते, स्वागत येते, पण सर्व्हरचे प्रमाणपत्र येण्याच्या वेळी सगळे थिजते. प्रमाणपत्राची पॅकेट मोठी असतात, आणि फायरवॉलने सर्व आयसीएमपी (नेटवर्कमधले अडचणी कळवणारे निरोप) अडवले असेल तर 'पॅकेट लहान करा' हा निरोप पाठवणाऱ्यापर्यंत पोहोचत नाही. तुकडे न करण्याचा पर्याय लावून १४७२ बाइटचे पिंग करून पाहा. ते गेले नाही आणि लहान आकड्याचे गेले तर हेच कारण समजा. आयसीएमपीचा प्रकार ३ आणि कोड ४ जाऊ द्या, पीपीपीओई (नाव-पासवर्डने जुळणारी ब्रॉडबँड) जोडणी असेल तर टीसीपीचा एमएसएस (एका पॅकेटमधल्या मजकुराची कमाल मर्यादा) १४५२ वर बांधा.

लॉगिनसाठी लागणारे बाकीचे रस्ते

नव्या पद्धतीच्या लॉगिनमध्ये, म्हणजे ओऑथ२ मध्ये, एसएमटीपीवर पासवर्ड जातच नाही. आधी ४४३ वरून टोकन (तात्पुरता प्रवेश परवाना) आणले जाते. ५८७ उघडा आहे म्हणून फायरवॉलला निर्दोष ठरवण्याआधी टोकन देणाऱ्या पत्त्यावर वेब फिल्टर किंवा टीएलएस तपासणी लागते आहे का ते पाहा. पासवर्डची खिडकी पुन्हा पुन्हा उघडते आणि लगेच मिटते, हे त्याचे लक्षण.

घड्याळही तपासा. फायरवॉलने एनटीपीचा, म्हणजे इंटरनेटवरून घड्याळ जुळवणाऱ्या सेवेचा, यूडीपी १२३ पोर्ट अडवला की लहान उपकरणांचे घड्याळ सरकत जाते आणि चांगले प्रमाणपत्रही 'अजून वैध नाही' किंवा 'मुदत संपली' असे ठरते.

मेल सर्व्हर आणि खात्यांची डिरेक्टरी यांच्यामध्ये फायरवॉल असेल तर ४५४ चा नकार येतो, ३८९ किंवा ६३६ पोर्ट तपासा. रात्रभर कोणी लॉगिन केले नाही, की सकाळचे पहिले लॉगिन लटकते आणि दुसरे चालते, असा नमुना दिसला तर फायरवॉलने निष्क्रिय कनेक्शन गुपचूप विसरून टाकलेले असते. सर्व्हरवर कीपअलाइव्हचा (कनेक्शन जिवंत ठेवणाऱ्या संदेशांचा) कालावधी फायरवॉलच्या आयडल टाइमआउटपेक्षा कमी ठेवा.

आधी ५३५, मग थेट 'कनेक्शन रिफ्यूज्ड'

हा क्रम सर्व्हरवरच्या फेल-टू-बॅनचा, म्हणजे वारंवार चुकणाऱ्या आयपीला अडवणाऱ्या प्रोग्रामचा, आहे. त्याच्या मूळ सेटिंगनुसार १० मिनिटांत ५ चुका झाल्या की तो आयपी १० मिनिटांसाठी अडवला जातो. ऑफिसातली सगळी मंडळी एकाच सार्वजनिक आयपीमागे असतात. एका फोनमध्ये जुना पासवर्ड राहिला की तो फोन दर काही मिनिटांनी चुकीचे लॉगिन करत राहतो आणि शिक्षा सगळ्यांना होते. बंदी उठवणे हा अर्धाच उपाय. मेल लॉगमध्ये कोणत्या खात्याच्या नावाने चुका होत आहेत ते शोधा आणि ते उपकरण दुरुस्त करा. ऑफिसचा आयपी दुर्लक्ष यादीत घालण्याचा मोह होतो, पण मग आतल्या एखाद्या संक्रमित संगणकालाही मोकळे रान मिळते. चुकांची मर्यादा थोडी वाढवणे अधिक बरे.

मेल निघतो, पण पुढे नापास होतो

लॉगिन यशस्वी होऊनही मेल स्पॅममध्ये जात असेल तर मिळालेल्या मेलच्या हेडरमधले ऑथेंटिकेशन रिझल्ट्स वाचा. हे प्रामुख्याने तुमचा स्वतःचा मेल सर्व्हर असेल तेव्हाचे आहे. एसपीएफ (तुमच्या डोमेनच्या नावाने कोणते आयपी मेल पाठवू शकतात ती यादी) नापास आणि सोबत अनोळखी पण तुमचाच आयपी दिसला, तर फायरवॉलने मेल सर्व्हरची वाहतूक दुसऱ्या इंटरनेट जोडणीवरून किंवा सर्वसाधारण नॅट आयपीवरून (सगळ्या आतल्या मशीनसाठीच्या सामाईक बाहेरच्या पत्त्यावरून) बाहेर काढली आहे. मेल सर्व्हरसाठी वेगळा बाहेर जाणारा नॅट नियम लिहा आणि राखीव जोडणीचा आयपीही एसपीएफमध्ये व उलट्या डीएनएस (आयपीवरून नाव सांगणाऱ्या) नोंदीत ठेवा.

डीकिममध्ये, म्हणजे मेलवरच्या डिजिटल सहीमध्ये, 'बॉडी हॅश' (मजकुराचा ठसा) जुळत नाही असे आले तर सही झाल्यानंतर मजकूर बदलला आहे; फायरवॉल किंवा मेल गेटवे खाली सूचनेची ओळ जोडतो आहे. ती ओळ सहीच्या आधी जोडा किंवा सही गेटवेवरच करा. आणि डीकिम कधी पास, कधी 'टेम्पएरर' होत असेल, तसेच तुमचा डीएनएस सर्व्हर तुमच्याच फायरवॉलमागे असेल, तर ५३ पोर्ट यूडीपीसोबत टीसीपीवरही उघडा आहे का ते बाहेरून तपासा. २०४८ बिटची किल्ली असलेली नोंद जुन्या ५१२ बाइटच्या मर्यादेला टेकते, डीएनएससेक (सही केलेल्या डीएनएस नोंदी) असेल तर ओलांडते, आणि मग विचारणारा सर्व्हर टीसीपीवर परत येतो.

फायरवॉल सांभाळणाऱ्याकडे तक्रार नेताना 'मेल जात नाही' एवढेच लिहू नका. आतला आयपी, बाहेरचा सर्व्हर, पोर्ट, सेकंदापर्यंतची वेळ आणि आतून-बाहेरून घेतलेले दोन्ही ईएचएलओ संवाद द्या. दुरुस्तीनंतर तेच दोन संवाद पुन्हा घ्या. त्यांतल्या सुविधांच्या ओळी सारख्या यायला हव्यात, आणि पोस्टफिक्सच्या लॉगमध्ये त्या मेलसमोर सासल युजरनेम (लॉगिन केलेल्या खात्याचे नाव) उमटले पाहिजे. चाचणीसाठी उघडलेला 'सगळ्यांना सगळे' नियम त्याच दिवशी काढून टाका आणि तो काढल्यावर आणखी एक मेल पाठवून पाहा.